बोटभर मध

गल्लीत सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. घड्याळदुरुस्तीचं दुकान कायमचं बंद केल्यावर हात रिकामे राहवेनात, म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले आणि मधाच्या नादी लागले. गाजरं मधात परतायची, केकमध्ये साखरेऐवजी मध घालायचा. चमच्याला आधी तेलाचं बोट फिरवलं की मध चिकटत नाही आणि मधाचा केक लवकर करपतो, हे ते चार केकांची वाट लावून शिकले होते.

त्या दिवशी लेक आठ महिन्यांच्या नातीला त्यांच्याकडे सोपवून कामावर गेली. घड्याळजी केकचं मिश्रण घोटत होते. मांडीवरची नात इतकी टक लावून बघत होती, की त्यांनी बोटभर मध तिच्या ओठांना लावला. तिनं मिटक्या मारल्या, म्हणून पुन्हा लावला.

तेवढ्यात शेजारच्या नर्सबाई डोकावल्या.

"हिला मध आवडला बरं का!" घड्याळजी कौतुकानं म्हणाले.

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "अहो काका, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत! क्वचित त्यातून जंतू जातात आणि बाळ लुळं पडतं. आधी डॉक्टरांना फोन लावा."

घड्याळजींनी लगेच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक काही होणार नाही. पण महिनाभर लक्ष ठेवा. शी थांबली, रडण्यात जोर राहिला नाही, पापण्या जड झाल्या, दूध ओढेना, तर तडक घेऊन या."

लेकीचा नंबर त्यांनी तीनदा काढला नि तीनदा ठेवून दिला. ही आता पोरीला आपल्या वाऱ्यालाही उभं करणार नाही! संध्याकाळी ती आली, तेव्हा दारातच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"बाबा, एकदा विचारायचंत तरी!" एवढंच म्हणून तिनं पोरीला उचललं. दुसऱ्या दिवशी ती नातीला घेऊन आली नाही.

घड्याळजींना घास गोड लागेना. रोज सकाळी फोन करायचे, "शी झाली का गं?" सहाव्या दिवशी लेक म्हणाली, "दोन दिवस नाही झाली, बाबा."

दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून ते दवाखान्यात पोहोचले. डॉक्टरांनी पोट दाबताच नातीनं असं भोकाड पसरलं, की बाहेरची माणसं आत डोकावू लागली.

"आवाज खणखणीत आहे," डॉक्टर हसले. पापण्या बघितल्या, हातपाय ताणून बघितले. "नवीन खाणं सुरू केलंत ना? साधा बद्धकोष्ठ आहे. तरी महिना पुरा होईपर्यंत नजर ठेवा."

महिना सरला. नातीला काही झालं नाही. एका सकाळी लेक पोरीला नि डबा घेऊन दारात उभी राहिली.

"यातलंच भरवायचं, बाबा. दुसरं काही नाही."

"नाही गं, नाही."

दुपारी तिचा फोन वाजला. "अगं, दोन चमचे जास्त खाल्ले तिनं. चालेल ना?"