कावळा, पुढारी आणि मनवाचा माईक

केडगावच्या यज्ञेश्वर गुरुजींची लेक मनवा पुण्यात शिकून साउंड इंजिनिअर झाली. स्वप्नं स्टुडिओची होती, पण कामं मिळाली ती वडिलांच्या ओळखीची, म्हणजे दशक्रियेची. गुरुजींनी पिंड मांडायचे, लेकीने माईक लावायचा. बरा धंदा. ज्याच्यासाठी एवढा घाट, तो तक्रार करायला येत नाही.

मिरजगावात रंगनाथअण्णांचा दहावा होता. पिंड ठेवले आणि पुढारी दौलतराव श्रद्धांजलीला उभे राहिले. अण्णांना त्यांनी दोन वाक्यांत उरकलं आणि स्वतःच्या विकासकामांवर घसरले. लिंबावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. अण्णांची काय इच्छा राहिली, म्हणून घरचे कासावीस. शेवटी धाकट्या भावाने दौलतरावांच्या हातातला माईक ओढून अण्णांच्या शेताचा आपण कोरलेला बांध सोडायचं कबूल केलं. कावळे ढिम्म. माईक परत घेऊन दौलतराव सुरू.

मनवाने वर पाहिलं. भोंगा तिनेच त्या लिंबाला बांधला होता. तिने मुकाट्याने आवाज पार खाली ओढला. दौलतरावांचे नुसते ओठ हलत राहिले आणि कावळा झपकन पिंडाला शिवला.

"मालक जित्तेपनीबी ह्याचं भाषन सुरू झालं की उठून जायचे," अण्णांची बायको मनकर्णाबाई डोळे पुसत म्हणाली.

भाऊ खुलला. "म्हंजी वहिनी, बांधाचा काय इषय नव्हता!"

"कावळ्याचा नसंल," ती म्हणाली. "पन तू माईकवर बोललायस. समद्या गावानं ऐकलंय."