मागच्या सीटला किती मार्क?

डोळा लागायच्या बेतात असला की माणसानं निदान हातातलं पेन तरी खाली ठेवावं. प्रणोती मगदूम ठेवत नाही. ती काळ्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पसरली आहे, पोटावर वही आहे, चारी काचा खाली आहेत, वर चिंचेची सावली हलते आहे, आणि वहीतल्या तक्त्याचा शेवटचा रकाना अजून रिकामाच आहे. गडहिंग्लजची एप्रिलातली दुपार, त्यात जेवणात आमरस! पापण्या विटांसारख्या जड झाल्यात. पण झोपून कसं चालेल? पाच वाजता जमादारचाचा येणार आणि दोनपैकी एक गाडी परत घेऊन जाणार.

गाड्या दोन म्हणायच्या, पण खरं तर एकच. कंपनी तीच, मॉडेल तेच, साल तेच, दोन्ही एकेका मालकानं वापरलेल्या, किंमतही उन्नीस-बीस. फरक काय तो व्हेरियंटचा. पांढरी आहे ‘स्पोर्ट’. छताला सनरूफ, मोठाली चाकं, आत रंग बदलणारे दिवे आणि छातीत धडधडणारे स्पीकर. काळी आहे ‘लक्झरी’. लाकडी पट्ट्या, लोण्यासारख्या सीटा, मागच्या खिडक्यांना ओढून घ्यायचे जाळीचे पडदे. झालं! एवढ्यावरून घरात आठ दिवस रामायण चालू आहे. पप्पांना सकाळी पांढरी आवडते, दुपारी काळी आवडते आणि संध्याकाळी नुसता चहा आवडतो. मम्मी म्हणते, जी धुवायला सोपी ती घ्या. जमादारचाचा जुन्या गाड्यांचे एजंट, त्यांचं एकच पालुपद, “पांढरी घ्या शेठ, लग्नवाले फोनवर पहिलं सनरूफच विचारत्यात.”

कारण गाडी घरात मिरवायला नाही, लग्नांना न्यायला आहे. नवरीच्या पाठवणीला मगदुमांचीच गाडी, असं एकेकाळी पंचक्रोशीत ठरलेलं असायचं. चालवायची माला आत्ती, म्हणजे पप्पांची थोरली बहीण विजयमाला. साडीवर खाकी शर्ट चढवायचा, पदर कमरेला खोचायचा आणि निघायचं. वीस वर्षं तिनं नवऱ्या सासरी पोचवल्या. दोन वर्षांमागं आत्ती वारली आणि पप्पांनी तिची गाडी विकून धंद्याला कुलूपच लावलं. आता कुठं पुन्हा उभारी धरलीय. त्यात काल जेवताना त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, “प्रणोती सांगंल ती गाडी. मला काय सुचंना झालंय.”

प्रणोती! आठवीपर्यंत हजेरीला जिचा ‘प्रेझेंट’ पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नव्हता ती! पण जानेवारीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेची ढाल आणल्यापासून बाईसाहेबांना कशालाच नाही म्हणता येत नाही. लगेच ‘हो’ म्हणून बसली, आणि आता डोक्याला शॉट. पप्पा दोन वर्षांनी उठून उभे राहताहेत, ते तिच्या शब्दावर. शब्द चुकला तर ते परत बसतील, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून हा तक्ता. शंभर मार्कांचा. आत्तापर्यंत पांढरी चौऱ्याऐंशी, काळी एकसष्ट. ‘मागची सीट’ हा रकाना उरलाय, तो दहा मार्कांचा. त्यानं निकाल बदलणार नाही, पण तक्ता म्हणजे तक्ता.

पेन बोटांतून निसटतं. ती उचलत नाही.

“किती देणार?”

“आठ,” प्रणोती डोळे न उघडताच म्हणते, आणि मग उघडते. तिचे पाय कुणाच्या तरी मांडीवर आहेत. मांडीवर पोपटी साडी आहे. साडीवर खाकी शर्ट आहे.

“आत्ती, तू?”

“मग कोण? सरक जरा. पाय बघ केवढे लांब झालेत, शेवग्याच्या शेंगा.”

आत्ती गेलेली आहे हे प्रणोतीला आठवतंय. पण ते तोंडावर बोलून दाखवणं बरं दिसत नाही, म्हणून ती उठून बसते. आणि खरं सांगायचं तर तिला आनंदच होतो. आता कसं, जाणकार माणूस आलं! ती वही पुढं करते.

“आत्ती, तू फक्त सांग. पांढरी का काळी? पांढरीला सनरूफ आहे.”

“म्हणजे काय असतंय ते?”

“छत उघडतं गं! बटण दाबलं की.”

“एवढी महागाची गाडी आणि छताला भोक?”

“भोक नाही! नवरदेव उभा राहतो त्यातून. हात करतो, फेटा उडतो, ड्रोननं शूटिंग होतं. आता तशीच फॅशन आहे.”

“बरं, नवरदेव वर. मग नवरीच्या तोंडासमोर काय?”

प्रणोती वहीत रकाना शोधते.

“त्याचे गुडघे,” आत्ती म्हणते. “लिही तक्त्यात. गुडघ्यांना किती मार्क?”

वैताग नुसता! प्रणोती मान फिरवते, तर समोर फळा आहे. फळ्यावर तिचाच तक्ता कुणीतरी सुबक अक्षरात उतरवलाय. गाडीची सीट म्हणजे शाळेचा शेवटचा बाक झालाय आणि आत्ती त्यावर चपला काढून मांडी घालून बसलीय. प्रणोतीच्या हातात माईक आहे. माईक हातात आला की तिला कोण अडवणार!

“आदरणीय परीक्षक आणि माझ्या बंधू-भगिनींनो! स्पोर्ट व्हेरियंटला इंजिन तेच असलं, तरी चाकं अठरा इंची—”

“खड्ड्यात आपटत्यात,” शेवटच्या बाकावरून आवाज येतो.

“स्पीकर बारा—”

“माहेर सुटलेल्या पोरीच्या कानात बारा स्पीकर!”

“आत्ती, मला बोलू दे! दिव्यांचे चौसष्ट रंग—”

आत्ती मोठ्ठी जांभई देते. तालुक्याच्या परीक्षकांनीसुद्धा दिली नव्हती एवढी.

“तू मेलीस तरी तशीच राहिलीस!” प्रणोती माईकमध्ये ओरडते. वर्ग रिकामा आहे म्हणून बरं.

“आणि तू केवढं बोलायला लागलीस,” आत्ती म्हणते, आणि तिचा चेहरा एकदम फुलतो. “पूर्वी पाणी मागायलासुद्धा माझ्या कानात कुजबुजायचीस. ये, इकडं मागं येऊन बस. पुढनं सगळ्यांना सगळं चांगलंच दिसतंय.”

प्रणोती पाय आपटत जाते आणि बसते. बसते तो अंगावर हे एवढं ओझं! शालू टोचतोय, गळ्यात गुलाबांचा ओला हार, कपाळावर मुंडावळ्या. बाहेर मंगल कार्यालय आहे आणि बँड एकच सूर पुन्हापुन्हा वाजवतोय. गाडी पांढरी आहे. छत उघडं आहे आणि त्यातून गुडघे खाली आलेत, इस्त्रीच्या पांढऱ्या विजारीतले, तालावर हलणारे. गुडघ्यांच्या वरचा माणूस कोण आहे हे तिला दिसतच नाही.

आणि खिडकीत तोंडं. डावीकडच्या काचेला सात, उजवीकडच्या काचेला नऊ. प्रत्येक तोंडापुढं एक मोबाईल.

“रडाली काय गं?”

“अजून न्हाई. आता रडंल बघ.”

“ए नवरी, इकडं बघ की जरा! इकडं!”

“काय बघताय? जावा की घरला!” प्रणोती ओरडते, पण बँडपुढं काही ऐकू जात नाही. ती काचेवर हात फिरवते, ओढून घ्यायला काहीतरी असेल म्हणून. काही नाही. गुळगुळीत काच, चौसष्ट रंगांत उजळणारी. आधी निळी, मग गुलाबी, मग पोपटी. तिला रडू येतंय का, तेही तिला धड कळेना, कारण सोळा जणं त्याची वाट बघताहेत.

“आत्ती! काहीतरी कर!”

आत्ती आता स्टीअरिंगवर आहे. ती हात वर करते आणि आतला आरसा सरळ छताकडं फिरवते. प्रणोतीला आरशात आत्तीचे डोळे दिसत होते, ते नाहीसे होतात.

“हे काय केलंस?”

“माझी रीत आहे. वेस ओलांडेपर्यंत आरसा वर. बाहेरच्या दोन आरशांवर गाडी चालवायची. मागं पोरगी काय करते, ते बघायचं नाही. वेस ओलांडली की ती आपसूक पाणी मागते. तेव्हा आरसा खाली घ्यायचा.”

“प्रत्येकीच्या वेळी?”

“प्रत्येकीच्या. एकदाही बघितलं न्हाई मी.”

बँड थांबलाय. गुडघे नाहीत. काचेबाहेर तोंडंही नाहीत, उसाचे फड पळताहेत, आणि प्रणोती पुढं बसलीय. पुढच्या सीटवर, शाळेच्या गणवेशात. शेजारी पप्पा गाडी चालवताहेत, त्यांचे ओठ घट्ट मिटलेले. ही आत्तीची जुनी गाडी आहे. रस्ता कागलकडून कोल्हापूरला जाणारा, दवाखान्याचा.

हा दिवस प्रणोती ओळखते. त्या दिवशी आत्ती आपल्याच गाडीत पहिल्यांदा मागं बसली होती. आणि प्रणोती पुढं बसून सबंध वाट रेडिओची बटणं फिरवत राहिली. एकदा मागं वळून बघितलं नाही. धीरच झाला नाही. संध्याकाळी आत्ती गेली. वक्तृत्वाची ढाल आणली, सगळ्या गावापुढं बोलली, पण ही एक गोष्ट तिनं आजपर्यंत कुणापुढं काढली नाही.

आता ती वळायला बघते. मान वळत नाही.

“आत्ती,” ती समोरच्या रस्त्याला म्हणते. “मी वळले नाही गं त्या दिवशी.”

“ठाऊक आहे.”

“दोन तास. मी रेडिओ लावत बसले.”

“गाणी पण भिकार होती.”

“चेष्टा करू नको ना! मला राग येतोय. स्वतःचा. रोज येतो.”

आत्ती मागून बोलते, आणि हा आवाज शेवटच्या बाकावरचा नाही, कानाजवळचा आहे.

“प्रणे, मी मागं रडत होते. पार निपाणीपासनं. तू वळली असतीस तर मला तोंड नीट करावं लागलं असतं. हसावं लागलं असतं तुझ्यासाठी. त्या दिवशी तेवढं बळ न्हवतं बघ माझ्यात. तू वळली न्हाईस, म्हणून मला नीट रडता आलं.”

प्रणोती हात पुढं करून रेडिओ बंद करते.

“आता तुझ्या त्या कागदावर बघ. मागच्या सीटला किती मार्क ठेवलेस?”

“दहा.”

“शंभरातले?”

“हो.”

“आणि जिच्यासाठी गाडी सांगत्यात, ती कुठं बसते?”

“म्हणजे काळी घेऊ? पडद्याची? असं सरळ सांग ना एकदा! सकाळपासून जीव खाल्लाय सगळ्यांनी माझा!”

“मला काय विचारतीस? मेलेल्या माणसाला विचारून कोण गाडी घेतंय?”

“आत्ती!!”

आत्ती खदखदून हसते. ती शेजारी आहे, मागच्या सीटवर, चिंचेच्या सावलीत. प्रणोतीच्या गळ्यात पुन्हा तो ओला हार आहे आणि आत्ती तो दोन्ही हातांनी अलगद उचलून धरते, जसं झोपलेलं मांजर उचलावं तसं.

“हार चुरगळतोय म्हणून नवऱ्या सीटचा पट्टा लावू देत न्हाईत. म्हणून आधी हार वर घ्यायचा. खालनं पट्टा घालायचा. मग त्याच्यावर हार सोडायचा. कळलं?”

“उभ्या गाडीत पट्टा कशाला?”

“सगळ्याजणी असंच काहीतरी म्हणत्यात,” आत्ती म्हणते. तिच्या बोटांना डिझेलचा आणि निलगिरीचा वास येतो. कुठंतरी खट् असा आवाज होतो.

“प्रणोती! ए प्रणोती! पाच वाजले!”

पप्पा खिडकीत वाकलेत. त्यांच्यामागं जमादारचाचा बोटावर दोन किल्ल्या फिरवत उभे आहेत. प्रणोती सीटवर ताठ बसलेली आहे. गाल ओले आहेत आणि ते पुसावेसे तिला वाटत नाहीत.

“काय ठरलं म्हणायचं मॅडम?” चाचा हसतात. “पांढरीच की!”

“काळी.”

“अरे! आणि सनरूफ?”

“चाचा, तुम्ही एवढ्या गाड्या विकल्या. कधी मागं बसून बघितलंय?”

“मी कशाला मागं बसू?”

“तेच!”

चाचा कपाळावर हात मारतात. पप्पा खिडकीतून हात आत घालतात आणि जाळीचा पडदा हळूच वर ओढतात. पलीकडं त्यांचा चेहरा विरळ होतो, आकार तेवढा उरतो. पडदा बराच वेळ तसाच राहतो. खाली येतो तेव्हा पप्पांचे डोळे लाल असतात, पण चेहरा नीट असतो.

“आक्का आरसा वर करायची,” ते एवढंच म्हणतात. मग चाचांकडं वळतात. “काळी ठेवा. पांढरी न्यावा.”

ठरलं! प्रणोतीला आता उडी मारून बाहेर पडायचंय, मम्मीला ओरडून सांगायचंय. ती दार ढकलते, झेपावते आणि तशीच मागं खेचली जाते.

छातीवरून तिरका गेलेला पट्टा घट्ट लागलेला आहे. ती झोपली होती आडवी. आणि तिची वेणी, जी पट्ट्याखाली दबून चुरगळली असती, ती कुणीतरी सोडवून, सरळ करून, पट्ट्याच्या वर ठेवली आहे.