क्राउडच्या ट्रॅकवरचा चाळ

अमावास्येला बिनधास्त केस कापून येणारा माणूस मी. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी भुताचा व्हिडिओ टाकला की त्यातला आवाज कुठून चिकटवलाय हे सांगून सगळ्यांचा विरस करणं हा माझा आवडता उद्योग... कारण आवाज हेच माझं काम. मीरा रोडला शांती नगरमध्ये राहतो आणि लाइव्ह कार्यक्रम रेकॉर्ड करतो — शाळांची गॅदरिंग, भजनं, लग्नातले ऑर्केस्ट्रा, अधूनमधून डीजे. पुढचं दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर पहिला मीच हसलो असतो.

संदेश माझा मित्र, डीजे आहे. त्याचे वडील अण्णा मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदर पूर्वेच्या एका भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं, पण माणूस खरा जाखडीतला. जाखडी म्हणजे आपल्या कोकणातला, गोल फेर धरून, पायात घुंगरांचा चाळ बांधून करायचा नाच. मुलाच्या धंद्यावर त्यांचा भारी राग. "बटनं दाबून कदी नाच होतो काय?" असं चारचौघांत म्हणायचे. संदेश प्रत्येक कार्यक्रमाला बोलवायचा, अण्णा एकदाही गेले नाहीत.

शेवटी संदेशने ठरवलं, लोकांच्या आवाजासकट गाण्यांचा एक अख्खा सेट रेकॉर्ड करायचा आणि अण्णांना घरीच हेडफोन लावून ऐकवायचा. आपल्या गाण्यावर माणसं कशी बेभान होतात ते एकदा त्यांच्या कानावर पडू दे, एवढीच त्याची इच्छा. क्लबची तारीख मिळेपर्यंत अण्णा गेले... हार्ट अटॅक. त्यांचा चाळ संदेशच्या काकांनी गावच्या जाखडी मंडळाला नेऊन दिला. काही महिन्यांनी संदेश म्हणाला, "तरी पण करूया रेकॉर्डिंग." आता कशासाठी, असं मी विचारलं नाही.

घोडबंदर रोडला, वरसाव्याच्या जरा अलीकडे एका हॉटेलचा क्लब आहे. रविवारी दुपारची पार्टी होती, बंद हॉल, तुडुंब गर्दी. अशा कामात गाणं मिक्सरमधून थेट एका ट्रॅकवर घेतात आणि क्राउडसाठी दोन माइक वेगळे लावतात, गर्दीकडे तोंड करून. नंतर दोन्ही एकत्र करायचे. क्राउड नसेल तर चांगला सेटसुद्धा मिठाशिवायच्या आमटीसारखा लागतो. मी सगळा वेळ हेडफोन लावून बसलो होतो. शिट्ट्या, आरडाओरडा, कुणीतरी मैत्रिणीला "अगं चल ना" म्हणतंय — सगळं स्वच्छ येत होतं. हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी फाइल उघडली. मिक्सरचा ट्रॅक छान. क्राउडच्या ट्रॅकवर माणसंच नाहीत... स्पीकरचं गाणं रिकाम्या हॉलमध्ये घुमावं तसं घुमतंय, आणि त्यात एकच आवाज. छुम... छुम. आधी वाटलं केबल लूज असेल, नाहीतर कुणाच्या खिशातल्या किल्ल्या. पण तो आवाज फिरत होता. या कानातून त्या कानात, गोल गोल, गाण्याच्या ठेक्यावर. आणि दर वेळी एक पाऊल किंचित मागे पडत होतं.

बायको ओट्याशी डबे भरत होती, आणि मी घामाने भिजलेलो. भीती वाटली, सरळ सांगतो. पण ऐकत गेलो तसं भीतीपेक्षा वाईट वाटायला लागलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुणीतरी एकटंच नाचत होतं.

सेट अर्ध्यावर आला आणि पावलं थांबली. थोडा वेळ काहीच नाही. मग चाळ सोडून हातात घेतल्यावर होते तशी सैल छुमछुम, दाराच्या बाजूला जात जात विरून गेली. त्यानंतर शेवटपर्यंत नुसता रिकामा हॉल.

एका जुन्या स्टुडिओवाल्या मित्राला फाइल पाठवली. त्याचा फोन आला — क्राउड इतका साफ कसा काढून टाकलास, मला पण शिकव. रेकॉर्डर ठीक, कार्ड ठीक, माइक ठीक. त्याच पार्टीचे लोकांनी मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ बघितले, त्यांत कान फाटतील एवढा कल्ला.

संदेशला मी सांगून टाकणार होतो की क्राउडचा ट्रॅक गेला. पण तो घरीच येऊन बसला आणि ऐकल्याशिवाय हलेना. मी हेडफोन दिले. तो ऐकू लागला. मग आपल्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "कारखान्यात लागलं होतं त्यांना. हे पाऊल उशिराच पडायचं." आणि रडायला लागला. मी पाणी आणायला आत गेलो.

परत आलो तेव्हा त्याने हेडफोन काढून ठेवले होते. पुढचं ऐकवत नाही म्हणाला, फाइल तुझ्याचकडे राहू दे. चप्पल घालताना दारात थांबला.

"अण्णांनी फेर कधी अर्ध्यावर सोडला नाही रे. अंगात ताप असला तरी. शेवटपर्यंत होते ना?"

मी हो म्हटलं.

गर्दीतल्या एवढ्या माणसांचा आवाज कुठे गेला आणि गावच्या मंडळात असलेला चाळ इथे कसा वाजला, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. खरं तर ते मी आता शोधतही नाही. मला छळतं ते वेगळंच — ते मध्येच का गेले? आवडलं नाही म्हणून, की तेवढीच सवड होती म्हणून? ते ज्या गाण्याला थांबले ते मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. त्यात वाईट काहीच नाही.

परवा संदेशची आई भाजी घेताना भेटली. म्हणाली, "बरं झालं बाबा, पोरावर राग ठेवून गेले नाहीत. सगळं ऐकून गेले." मी मान डोलावली आणि तिची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली.