मावशींचं फिनलंड

आमच्या शेजारच्या दारातल्या मावशींइतका मोठा गोतावळा असलेला माणूस मीरा रोडमध्ये दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतका एकटा माणूसही दुसरा नसेल. ब्राझीलमधल्या कुठल्याशा गावातल्या दंतवैद्याला मावशींचा उजवा गुडघा पावसाळ्यात दुखतो हे ठाऊक होतं. तैवानमधल्या एका शिक्षिकेला त्यांना कारल्याची भाजी आवडते हे ठाऊक होतं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र त्यांचं आडनाव धड लिहिता येत नव्हतं. दर नोटिशीत तो ते नव्याने चुकवायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती नोटीस लाल पेनाने दुरुस्त होऊन त्याच्या दाराखालून आत सरकवलेली असायची. बिल्डिंगमधली हिंदी बोलणारी मंडळी त्यांना ‘पोस्टकार्डवाली आंटी’ म्हणत, गुजराती मंडळी ‘मासी’ म्हणत आणि आम्ही ‘मावशी’. तिन्ही हाकांना त्या सारखंच उत्तर देत, म्हणजे मान किंचित हलवत आणि दार लावून घेत.

गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं प्रुफं तपासली. लग्न केलं नाही. छापखाना बंद पडला, सोबत राहणारा भाऊ गेला, चाळीतली खोली सुटली आणि त्या शांती नगरात, आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. नोकरी सुटली तरी डोळ्यांची सवय काही सुटली नाही. भाजी आणायला खाली उतरल्या की दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जायच्या आणि चेहरा असा करायच्या की बघणाऱ्याला वाटावं, बाईंच्या पायात काटा रुतलाय. ‘शुद्ध’च्या जागी ‘शुध्द’ दिसलं की त्यांचं डोकं उठायचं. एकदा एका डेअरीवाल्याला त्यांनी माझ्यादेखत गाठलं. “भैया, आपके बोर्ड पे ‘दूग्धालय’ लिखा है. उकार गलत है. छोटा चाहिए.” तो बिचारा क्षणभर पाटीकडे, क्षणभर मावशींकडे बघत राहिला आणि म्हणाला, “आंटी, दूध तो सही है ना?” मावशींनी त्या दिवसापासून दूध दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. आम्ही सत्यनारायण घातला तेव्हा छापील पत्रिका त्यांच्या दारात ठेवून आलो. मावशी तीर्थप्रसादाला आल्या नाहीत, पत्रिका मात्र तीन दुरुस्त्यांसह परत आली.

अशा बाईंना पोस्टकार्डांचं वेड लागलं ते त्यांच्या पुण्यातल्या भाचीमुळे. मावशीचा वेळ जावा म्हणून तिने आपला जुना लॅपटॉप दिला आणि इंटरनेटवरच्या कुठल्याशा मंडळात त्यांचं नाव घातलं. तिथला रिवाज साधा होता. तुम्हाला एका अनोळखी माणसाचा पत्ता मिळणार, त्याला तुम्ही एक पोस्टकार्ड पाठवायचं. ते पोचल्याची नोंद त्याने केली, की जगातल्या तिसऱ्याच एखाद्या अनोळखी माणसाला तुमचा पत्ता मिळणार आणि त्याचं कार्ड तुमच्याकडे येणार. जो तुम्हाला लिहितो त्याला तुम्ही लिहिलेलं नसतं, आणि ज्याला तुम्ही लिहिता तो तुम्हाला लिहीलच असं नाही. सूर जुळले तर पुढे आपसात लिहायला मात्र मोकळीक. मला हा प्रकार उंटावरून शेळ्या हाकण्यासारखा वाटला. मावशींना तो मनापासून आवडला. “कुणी कुणाचं देणं लागत नाही,” त्या म्हणाल्या, “हे फार बरं आहे.”

अडचण एकच होती. मीरा-भाईंदरचं चित्र असलेलं पोस्टकार्ड जगात कुणीही छापलेलं नाही. दुसरं कुणी असतं तर त्याने ताजमहालाची कार्डं आणून भागवलं असतं. पण मावशींच्या मते ज्या गावात आपण राहत नाही त्याचं चित्र पाठवणं म्हणजे मजकुरात चूक करणं. मग त्या स्वतः फोटो काढायला लागल्या आणि पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या दुकानातून ते जाड कागदावर छापून घ्यायला लागल्या. पेणकरपाड्यातल्या गल्लीत वाळत घातलेल्या गोधड्या, भाईंदरची मिठागरं, स्टेशनबाहेरचा मोगऱ्याच्या गजऱ्यांचा ढीग. बसने थेट तारोडीपर्यंत गेल्या आणि किनाऱ्यावर बांबूंवर वाळत टाकलेल्या बोंबलांसमोर मोबाईल धरून उभ्या राहिल्या. तिथल्या मासळीवाल्या बाईचा फोटो काढू का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, “माजा कशाला काढतेस? बोंबलाचा काढ, त्यो बरा हाय दिसायला.” ते बोंबील मग जर्मनीला गेले. तिथून विचारणा झाली, ही तुमच्याकडची प्रार्थनेची निशाणं आहेत का? मावशींनी कळवलं, नाही, हे आमचं जेवण आहे.

कार्ड लिहिणं हा दोन दिवसांचा उद्योग. आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर कच्चा मजकूर, मग काटछाट, मग प्रूफ, मग सुवाच्य प्रत. पोस्टात गेल्या की खिडकीतल्या माणसाला त्या बजावायच्या, “शिक्का ठसठशीत मारा, पण अक्षरावर नको.” आणि कार्डं यायची तेव्हा पोस्टमन ती जिना चढता चढता वाचून काढायचा. दारात उभा राहून तो बातम्या दिल्यासारखा सांगायचा, “मावशी, कॅनडातल्या बाईची मांजर सापडली हां. आणि जपानमध्ये बर्फ पडतोय.” मावशी तेवढ्या वेळेपुरत्या उजळायच्या. “सापडली? बरं झालं. फार काळजी लागली होती.” दार बंद. मग दुसरं कार्ड येईपर्यंत त्या दाराआडून आवाज नाही.

मी अकरा वर्षं त्यांचा शेजारी होतो. त्यातली बरीच वर्षं आमचं संभाषण ‘पाणी आलं का?’ आणि ‘गेलं का?’ याच्या पलीकडे फारसं गेलं नव्हतं. माझी बायको सुजाता सणाला काही गोडधोड घेऊन जायची. डबा दुसऱ्या दिवशी घासूनपुसून, आत एक लिंबू किंवा चार खारका घालून परत यायचा. रिकामा डबा परत करायचा नाही एवढं त्या पाळत, पण स्वतः उंबरा ओलांडून कधी आत आल्या नाहीत. मलाही ते सोयीचंच होतं, हे आज कबूल करतो.

आणि मग एका शुक्रवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. दारात मावशी. हातात कार्ड, चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, कुणी गेलं की काय.

“अहो, हान्ना येतेय,” त्या म्हणाल्या.

हान्ना कोण ते आम्हाला तेव्हा कळलं. फिनलंडमधल्या एका ग्रंथालयातून निवृत्त झालेली ही बाई. नेहमीचं एक कार्ड पोचल्यानंतरही दोघींनी एकमेकींना लिहिणं चालूच ठेवलं होतं, चार वर्षं. आता ती गोव्याला निघाली होती आणि वाटेत एक दिवस मुंबईत होती. तिने कळवलं होतं वेळेवर, पण कार्डाने वाटेत दीड महिना काढला. ती रविवारी येणार होती. म्हणजे परवा.

“मग छानच की!” सुजाता म्हणाली.

“छान नाही. मी भाचीकडे जातेय. ती आली तर सांगा, बाई गावाला गेल्या.”

“अहो पण का?”

मावशी बऱ्याच वेळाने आत आल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. “मी तिला लिहिलंय की मी माझ्या भाच्याकडे राहते. त्याच्या बायकोबरोबर, मुलीबरोबर.”

“कुठल्या भाच्याकडे? पुण्याच्या?” मी विचारलं.

“नाही. तुमच्याकडे.” मग माझी नजर चुकवत, पण स्वर ताठ ठेवून त्या म्हणाल्या, “तुम्ही मला मावशी म्हणता. तेव्हा व्याकरणाने तुम्ही माझे भाचेच ठरता.”

सुजाताने विचारलं, “म्हणजे आमच्याबद्दल लिहिता तुम्ही? काय लिहिता?”

“जे ऐकू येतं ते. भिंत पातळ आहे.”

“आम्ही भांडतो तेही?”

“ते नाही लिहिलं,” मावशी म्हणाल्या. “कार्डावर जागा पुरत नाही.”

मी हसलो, पण सुजाता हसली नाही. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि म्हणाली, “कुठे जायचं नाही. येऊ दे तिला आपल्याकडे. भाचा तर भाचा.”

रविवारी अकराच्या सुमाराला खालून वॉचमनची हाक आली, “साब, आंटी का फॉरेन खुद आया है!” उंच, पिकल्या केसांची, सँडलमध्ये मोजे घातलेली बाई धापा टाकत तीन जिने चढून आली. मावशींना तिने मिठी मारली. मावशी खांबासारख्या उभ्या. मग ती माझ्याकडे वळली आणि सावकाश इंग्रजीत म्हणाली, “आंघोळ करताना गाणारा भाचा तो तूच ना?”

पुढचा अर्धा तास मी पायाखालची जमीन शोधत होतो. माझी स्कूटर आता एका किकमध्ये सुरू होते का, असं तिने विचारलं. स्कूटर विकून दोन वर्षं झाली होती. आमच्या जुईला दहावीत शेवटी गणितात किती पडले, असं तिने विचारलं, आणि कॉलेजात गेलेली आमची घोडी लाजून आत पळाली. सुजाताची आई वारली तेव्हा फिनलंडमध्ये हान्नाने मेणबत्ती लावली होती. भिंतीपलीकडे कुणी आमच्याकडे इतकं कान देऊन होतं, आमच्या बऱ्यावाइटाने हलत होतं, आणि मला वाटायचं, बाई आतल्या गाठीच्या आहेत, माणूसघाण्या आहेत. मावशी खाली मान घालून बसल्या होत्या. तेवढ्यात चहा आला. भाच्याचं कर्तव्य म्हणून मी पुढे झालो आणि मावशींच्या कपात दोन चमचे साखर घातली.

“नको, नको!” हान्ना म्हणाली. “तिला साखर चालत नाही. डॉक्टरने तीन वर्षांपूर्वी बंद केलीय.”

चमचा माझ्या हातातच राहिला. मावशींनी कप हळूच टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि जपून जुळवलेल्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, “एक दुरुस्ती आहे. हा माझा भाचा नाही. हे शेजारी आहेत. चांगले आहेत. मी पलीकडच्या दारात राहते, एकटी. बाकी सगळं खरं लिहिलं. तेवढी एक चूक मी जाणूनबुजून राहू दिली.”

हान्ना रागावली असं मला वाटलं, आणि थोडी रागावलीच होती. ती म्हणाली, “नवरा गेल्यापासून मी एकटी जेवते, हे मी तुला पहिल्याच वर्षी लिहिलं होतं. तू मला का नाही लिहिलंस?”

“कार्ड उघडं असतं,” मावशी म्हणाल्या. “आमचा पोस्टमन वाचतो.”

हान्नाला आधी हसू आलं. मग तिने मावशींचा हात धरला आणि तो सोडला नाही. “तुझं घर दाखव,” ती म्हणाली. दोघी उठून शेजारी गेल्या आणि दार लागलं. सुजाताने केलेला सगळा स्वयंपाक टेबलावर तसाच होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या भिंतीला कान लावला. सुजाता “शोभतं का?” म्हणाली आणि स्वतःही शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ नुसती कुजबुज ऐकू येत होती. मग कुणीतरी खदाखदा हसलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. हान्नाचं हसणं आम्ही ऐकलं होतं, हे तिचं नव्हतं.

त्यानंतर फिनलंडला पोस्टकार्ड गेलं नाही, बंद पाकीट जायला लागलं आणि तिकडूनही पाकिटंच यायला लागली. पोस्टमन हिरमुसला. “काय मावशी, आता काही कळतच नाही तिकडचं,” म्हणायचा. आमच्याकडे मात्र मावशी फारशा येऊ लागल्या असं झालं नाही. उलट महिनाभर त्या आमची नजर टाळत होत्या. पुढे कधीमधी दिवेलागणीला यायच्या, त्याच खुर्चीच्या कडेवर बसायच्या, बिनसाखरेचा चहा घ्यायच्या आणि दहा मिनिटांत “चला, कामं पडलीत” म्हणून उठायच्या. कामं कसली, ते आम्हाला ठाऊक होतं. आम्हीही कधी ‘बसा हो’ म्हणून हात धरला नाही. हात धरणं हान्नाला जमलं, आम्हाला जमलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा अगदीच कामातून गेला. तीन जिने होईनात तेव्हा भाची येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. जाताना त्यांनी सुजाताच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, “येते. तब्येतीला जपा.” फोन केला की त्या “मी बरी आहे, तुम्ही कसे?” एवढंच विचारतात, आणि मी “मजेत” म्हणतो. फोन आमच्या दोघांच्याही कामाचा नाही. भाची म्हणाली, हल्ली त्या जेवताना आपणहून काही बोलत नाहीत, तुम्ही पत्र लिहा, त्यांना आवडेल.

म्हणून तीनदा लिहायला बसलो. जुईला नोकरी लागली, सुजाताला चष्मा बदलावा लागला, माझं ऑफिस आता अंधेरीला गेलंय. चार ओळींत सगळं संपतं आणि पुढे हात चालत नाही. अकरा वर्षं त्यांना आमचं काही सांगावंच लागलं नव्हतं, आणि त्यांचं काही विचारायची मला सवय लागली नव्हती. काल मात्र ते चार ओळींचं पत्र तसंच पाकिटात घातलं आणि शेवटी एकच प्रश्न लिहिला, ‘मावशी, तुमचा दिवस कसा जातो?’ शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि आज सकाळी ऑफिसला जाताना पोस्टात टाकून आलो.