आत्याचे बूट फिरवून आणताना

आमच्या आत्याइतका बुटांवर जीव लावणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि मागच्या उन्हाळ्यात ती गेल्यापासून आता कुणी होईल असंही वाटत नाही. हा जिल्हा मुळात चपलेचा. इथल्या उन्हात पाय बुटात कोंडणं म्हणजे शिजलेली भाजी पुन्हा चुलीवर चढवणं. पुढारीसुद्धा कडक इस्त्रीच्या कपड्यांखाली चपलाच घालतात. अशा मुलखात आत्या अंगावर पांढरी साडी, खांद्याला औषधांची पिशवी आणि पायांत घोट्यापर्यंतचे, नाडीचे, तपकिरी मर्दानी बूट अशा थाटात नोकरीभर फिरली. ती सरकारी नर्स होती. धर्मापुरीकडच्या एका गावात तिचं उपकेंद्र होतं, आणि लसीकरण, बाळंतपणं, जखमा अशा सगळ्या कामांना आसपासच्या वस्त्यांवर पायीच जावं लागे. औरंगाबादला ट्रेनिंग संपलं त्या दिवशी तिनं छावणीच्या बाजारातून तो जोड घेतला. दुकानदारानं विचारलं, "भावासाठी घेताय का?" आत्या म्हणाली, "भावाला सायकल हाय. चालायचं मला हाय."

पुढं एक काळा जोडही आला, पण तो तपकिरीला विश्रांती मिळावी म्हणून. एकच बूट लागोपाठ दोन दिवस घालायचा नाही, हा तिचा कायदा होता. "बुटालाबी घाम येतो. त्यालाबी सुट्टी पायजे," असं ती म्हणे. स्वतः मात्र तापानं फणफणली तरी रजा टाकत नसे. ओल्या बुटांत पेपरचे बोळे कोंबून ती ते सावलीत वाळवी, आणि त्यासाठी पेपरची पानं निवडून घेई. पुढाऱ्यांचे फोटो असलेली पानं चालत नसत. का, असं मी लहानपणी विचारलं, तर म्हणाली, "बूट वाकडे व्हत्यात." कुणी भिजलेले बूट उन्हात ठेवलेले दिसले की ओळख असो-नसो, ती त्या घराची कडी वाजवायची. एकदा एस.टी. वडवणीच्या स्टँडवर थांबली असताना ती खाली उतरली, समोरच्या हॉटेलच्या पत्र्यावर टाकलेले कुणाचेतरी बूट काठीनं खाली पाडले, बाकड्याखाली सरकवले आणि परत गाडीत येऊन बसली. हॉटेलवाला धावत आला. "बाई, ते फौजदारसाहेबाचे हायेत," तो म्हणाला. "मग त्यांना सांगा, कातडं म्हंजे पापड न्हाई," असं खिडकीतून सांगून आत्यानं पिशवीतली वाटाण्याची पुडी उघडली. कंडक्टरनं घाईघाईनं घंटी मारली.

रविवारची सकाळ पॉलिशची. आधी जुन्या दात घासायच्या ब्रशनं टाक्याटाक्यातली काळी माती काढायची. ती माती टाक्यात वाळली की करवतीसारखी दोरा कापते, हे मला तिनं इतक्यांदा सांगितलंय की ते मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. मग ओलं फडकं, मग कोरडं, मग बोटानं चोळून पॉलिश, आणि मग थांबायचं. थांबणं हाच त्यातला मोठा भाग. त्या वेळात तिच्याशी बोललेलं तिला चालत नसे. आमच्या आईचं म्हणणं असं, की वन्सं विहारात वंदनेला बसतात तेव्हाही एवढ्या शांत नसतात.

लग्न तिनं केलं नाही. बूट घालणाऱ्या बाईला कोण करील, असं लोक म्हणत. तिचं म्हणणं उलट होतं. बघायला आलेल्यांपैकी एकाचेही बूट धड नव्हते, असं ती सांगे, आणि मला वाटतं ते अगदी खरं असावं. कारण माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा पोहे चालू असताना आत्या उठून बाहेर ओट्यावर गेली आणि नवऱ्यामुलाचे बूट उलटसुलट करून पाहू लागली. पाहुणे गेल्यावर निकाल दिला, "पोरगा सोभावानं चांगलाय, पण उतावळा हाय. नाडी न सोडताच बूट काढतो. टाच पार बसवलीय." लग्न झालं. पण साखरपुड्याच्या दिवशी तिनं होणाऱ्या जावयाला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे. आमचे भावजी आजही आमच्या दारात बसून नाड्या सोडतात. घरी ते बिननाडीचे बूट घालतात, हे आत्याला शेवटपर्यंत कुणी कळू दिलं नाही.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसायचोही. पण एका गोष्टीवर ती स्वतः कधी हसली नाही. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, यांच्या तरुणपणी आमच्या लोकांना वेशीतून जाताना पायताण हातात घ्यावं लागे. पुढं दीक्षा झाली, काळ पालटला, कुणी तसं म्हणेनासं झालं. तरी आजोबा वेशीपाशी आले की वाकायचे आणि चपला हातात घ्यायचे. आत्यानं एकदा विचारलं, "दादा, आता कावून काढता?" ते म्हणाले, "मी कुठं काढतो? पायच थांबतो." तिनं त्यांच्यासाठी बूट आणले. त्यांनी ते कधी घातले नाहीत, उशाशी ठेवून झोपायचे. एवढंच तिनं मला सांगितलं, तेही पॉलिश वाळेपर्यंतच्या त्या वेळात, जेव्हा बोलायचं नसतं.

निवृत्तीनंतर ती केजला आमच्याकडे राहायला आली. कामं संपली तरी चालणं संपलं नाही. रोज सकाळी गावाबाहेर शिवारात चक्कर. तळ झिजले की अंबाजोगाईला जायचं. तिथं स्टँडबाहेर बसणाऱ्या म्हाताऱ्या मामूकडूनच तिला तळ बदलून हवा असे. त्या दोघांचं भांडण वर्षानुवर्षं चाललेलं. "बाई, इसकू अब जाने देव, टाका घेने को जगा नहीं बची," असं मामू म्हणे, आणि ती त्याच्या समोरच्या डब्यावर बसून म्हणे, "जागा हाय. तुमचा चष्मा बदला." शेवटी मामू टाके घालायचा, आणि चहा दोघांचा यायचा.

मग तिला साखर निघाली. पायांची संवेदना हळूहळू जात होती आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही. नर्स होती, तिला कळत नव्हतं असं नाही. एक दिवस माझ्या बायकोला तिचा मोजा रक्तानं भिजलेला दिसला. काळ्या बुटाच्या तळातून एक चूक, म्हणजे बारीक खिळा, वर आली होती, आणि आत्या ती पायात घेऊन सकाळभर चालली होती. कातड्यावरून बोट फिरवून टाका उसवला की नाही सांगणाऱ्या बाईला खिळा कळला नाही. जखम चिघळली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टर तरुण होता. तो म्हणाला, "आजी, बूट बंद. कायमचे." तिनं वाद घातला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

तिच्यासाठी मऊ, चिकटपट्टीच्या चपला आल्या. ती पट्टी ओढली की चर्र आवाज होई, आणि प्रत्येक वेळी आत्या तोंड कसनुसं करी. काळा जोड माझ्या वडिलांनी टाकून दिला. तपकिरी मात्र तिनं खाटेखाली ठेवला. दर रविवारी ती खाटेवर बसूनच पॉलिश करायची. काही महिन्यांनी तिनं मला बोलावलं, बूट हातात दिला आणि पंजाच्या घडीवर बोट ठेवायला लावलं. तिथं बारीक रेघा पडायला लागल्या होत्या.

"चालत न्हाईत म्हणून वाळायलेत," ती म्हणाली. "पाय दाखव."

माझे पाय लहान आहेत. शाळेपासून सगळ्यांनी त्यावरून माझी टिंगल केली आहे. केजच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे, आणि तिथं येणारे दोस्त अजूनही "पोरीच्या मापाची चप्पल आलीय बे" असं म्हणून जातात. आत्याचे बूट मला चपखल बसले. तिनं मला अंगणात चालायला लावलं. "टाच घासू नको. बैलावाणी फेंगडा चालू नको. हां, आता जा. गावाबाहेर जाऊन ये."

तेव्हापासून दर रविवारी मी आत्याचे बूट फिरवून आणू लागलो. परत आलो की ती खाटेवर उठून बसलेली असे. आधी बूट बघायची, मग मला विचारायची. कुणीकडनं गेलतास? कुणाची तूर कशीय? अमक्याच्या सुनेला दिवस गेलेत म्हणत होते, दिसली का? मी सुरुवातीला "काही विशेष नाही" म्हणायचो, तर ती म्हणायची, "मग गेलतास कशाला?" त्यामुळे मी बघत चालायला शिकलो. चाळीस वर्षं या गावात राहून मला आमच्या शिवारातल्या विहिरी माहीत नव्हत्या. त्या या बुटांत माहीत झाल्या.

एकदा हिवाळ्यात मी तिला न सांगता एस.टी.नं धर्मापुरीकडे गेलो, फाट्यावर उतरलो आणि तिच्या जुन्या गावात पायी शिरलो. उपकेंद्राची इमारत नवी झाली होती. मी गल्लीतून परत निघालो तेव्हा एका मोठ्या घराच्या पायरीवर शेंगा निवडत बसलेल्या म्हातारीनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"हे बूट सिस्टरचे हायेत," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

"होय. मी तिचा भाचा."

"हाय का सिस्टर?"

"हाय. केजला असते आमच्याकडं. पायानं अधू झालीय."

म्हातारीनं मला बसवलं. ती पाटलाच्या घरची सून. तिच्या पहिल्या बाळंतपणाला आत्या आली होती, भरदुपारी, चिखल तुडवत. सासूनं दारातच सांगितलं, बूट काढ आणि मागल्या दारानं ये. "सिस्टर ह्याच पायरीवर बसली," म्हातारी सांगत होती, "आन् नाड्या सोडाय लागली. मी आत वराडतीय, आन् हिच्या नाड्या काय सुटंनात. मग कशेबशे बूट काढले आन् उठून म्हणली, घर हाय, बूट काढायचेच असत्यात. पण मी पुढल्या दारानं येते. न्हाईतर बूट पुन्हा घालते. सासू बाजूला सरली." ती हसली. "पुढं माझ्या धाकट्याच्या वेळंला पाऊस लागला व्हता. सिस्टर आत माझ्यापाशी. सासूनं काय करावं, तिचे वले बूट स्वतःच्या हातानं उचलले आन् चुलीपाशी नेऊन ठिवले. वाळावेत म्हणून. डावा करपला. हे बघा." तिनं वाकून डाव्या पंजाजवळचा कडक, काळसर चट्टा दाखवला. "सिस्टर भायेर आली आन् सासूवर अशी कावली, कातडं कुणी चुलीपाशी ठिवतं का म्हणून. आमच्या घरात सासूपुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. सासू गप ऐकत ऱ्हायली. मग म्हणली, चुकलं बाई माझं. ते तिच्या तोंडून मी तेवढ्याच बारीला ऐकलं."

घरी येऊन मी आत्याला हे सांगितलं. ती बराच वेळ बुटाची जीभ सरळ करत बसली. मग म्हणाली, "तिची कंबर दुखायची. बसता येतंय का तिला पायरीवर?" आणि थोड्या वेळानं, "मला न्यायचास की."

संक्रांत झाल्यावर मी तिला जीपनं घेऊन गेलो. फाट्यापासून गावात शिरताना तिनं माझा दंड धरला होता. तिच्या पायांत दवाखान्याच्या चपला, माझ्या पायांत तिचे बूट. मध्येच ती मला पाय नीट टाकायला सांगत होती. पाटलीणबाई आणि ती दुपारभर त्या पायरीवर बसल्या. बोलणं फारसं झालंच नाही. एकमेकींचे गुडघे, नातवंडं, कोण कोण गेलं, एवढंच. निघताना पाटलीणबाईनं तिच्या पदरात तीळगूळ बांधला आणि म्हणाली, "उशीर केलास गं." आत्या म्हणाली, "पायी यायचं ठरवलं व्हतं."

फाट्यावर आम्ही जीपची वाट पाहत होतो. पलीकडं वस्त्यांकडे जाणारा रस्ता थोडा चढून वळत होता. एक जीप आली, आत्यानं तिला हातानं पुढं जायला सांगितलं. मग ती त्या चढाला लागली. मी सोबत गेलो. निम्म्यावर तिला दम लागला, आणि मी तिला रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं.

"वळणाच्या पल्याड मोठी चिंच हाय," ती म्हणाली. "हाय का बघून ये."

मी वळणापर्यंत गेलो. रस्ता रुंद झाला होता. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. चिंच नव्हती. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं, पण तिच्यापुढं ते टिकलं नसतं.

"न्हाई आत्या. रस्त्यात गेली वाटतं."

पिशवीतून रुमाल काढून तिनं चेहरा पुसला. खाली फाट्यावर दुसरी जीप येऊन भोंगा वाजवत होती.

"वस्तीवरच्या बाया लेकरं घेऊन तिथं बसायच्या," ती म्हणाली. "मी येईस्तवर. आता कुठं बसत्यात?"

ते बघायचं मला सुचलंच नव्हतं.

"जा, बघून ये," ती म्हणाली. "मी हाय इथं."

मी पुन्हा चढाला लागलो. वळणाशी येऊन मागं पाहिलं, तर ती दगडावर तशीच ताठ बसली होती, आणि जीपवाल्याला हातानं सांगत होती, की तू हो पुढं.