केसरबाईचं उलटं सूप

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी पोती उचलायचो, तेव्हा केसरबाई निवडणीला होती. निवडणीच्या बाया ओळीत बसत. रजेवर जाणारी बाई आपलं सूप जागेवर उलटं ठेवून जाई. त्या जागी दुसरीने बसायचं नाही. हा कायदा बायांचा होता, मालकाचा नव्हता. म्हणून तो पाळला जाई.

केसरबाईचं माहेर नरडाण्याकडचं. नववीत लग्न झालं, शाळा सुटली. १९९१ साली आमच्या वस्तीत अंगणवाडी निघणार असं ठरलं. सेविका दहावी पास हवी होती. तिला ती जागा हवी होती. बाहेरून दहावीला बसली. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी दोनदा अडकली.

रविवारी विहारात पंडित सर फुकट शिकवत. गाईडमधली वाक्यं पाठ करायला लावत. 'टेक ऑफ' म्हणजे विमानाने उडणं. 'चेक इन' म्हणजे हॉटेलात खोली घेणं. केसरबाईने नळावर, चुलीपुढे, डबा खाताना पाठ केलं. मेहनत खरी होती. पण पोतं पाठीवर घेऊन जागेवरच उभं राहिलं तर घाम येतो, ट्रक भरत नाही. पेपरात तिने विमान हॉटेलात उतरवलं आणि नापास झाली.

तिसऱ्या खेपेला तिने गाईड बाजूला ठेवलं. शब्द मिलमध्ये आणले. डाळीतला खडा काढला की म्हणे, "आय पिक आउट द स्टोन." कचरा फेकताना 'थ्रो अवे'. मुकादमाने चहाची सुट्टी पुढे ढकलली की, "मुकादम पुट ऑफ द टी."

शेजारी बसणारी यशोदाबाई हसली. "केसर, तू मडम व्हयनी का व?"

"व्हसू ना. तुना बापनं काय जास?"

महिन्याभरात सगळी ओळ तसं बोलायला लागली. माठ रिकामा झाला की यशोदाबाई ओरडे, "पाणी रन आउट व्हयनं!" आम्ही हमाल विचारायचो, "आंपायर कोन शे?"

मुकादम शालिग्राम चिडला. "आठे डाळ निवडानी, इंग्रजी नई."

"डाळ कमी निवडाई का, नाना?" केसरबाईने विचारलं.

कमी झाली नव्हती. तो पाठ फिरवून निघून गेला. पण विसरला नाही.

पंडित सरांनाही पटेना. "स्वतःची वाक्यं लिहू नका. परीक्षकाला डाळ मिल काय माहीत?"

"मग होऊ द्या माहीत, सर."

"मार्क जातील."

"विमानापायी गेलेच की."

पेपर ऑक्टोबरात आला. नवा उडीद मिलमध्ये येऊन पडला होता, माणसं कमी. शालिग्रामने तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "पेपरले गई तं परत यावानं नई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, सूप उलटं ठेवलं आणि पेपरला गेली.

शालिग्रामने फाटकावरून एक नवी बाई आणली, बेबाबाई. केसरबाईच्या जागेकडे बोट दाखवलं. बेबाबाईने उलटं सूप पाहिलं. निवडणीचा कायदा तिलाही ठाऊक होता, ती उभीच राहिली. त्याने पायाने सूप सरकवलं. यशोदाबाईने परत जागेवर ठेवलं. त्याने पुन्हा सरकवलं. या वेळी पलीकडच्या धुरपदाबाईने ठेवलं. ओळीतले सगळे हात थांबले. उडदाचा ढीग तसाच.

बेबाबाई म्हणाली, "नाना, माले दुसरी जागा द्या."

मग तो माझ्यावर आला. "वाल्मीक, हाई सूप बाहेर फेक."

"पाठवर पोतं शे," मी म्हणालो. पोतं थप्पीवर टाकलं. हात मोकळे झाले. तरी सूप उचललं नाही. त्याच्याकडे बघत दुसरं पोतं घ्यायला गेलो.

शेवटी बेबाबाईला ओळीच्या टोकाला बसवलं, तेव्हा काम सुरू झालं.

दुपारी केसरबाई आली. सूप सरळ केलं आणि बसली. शालिग्राम येऊन समोर उभा राहिला. तिने मान वर केली नाही.

यशोदाबाईने विचारलं, "काय उनं पेपरमा?"

"'गिव्ह इन' उनं. म्हंजे हार मानणं. त्यानं वाक्य करा, म्हने."

"तू काय लिखं?"

केसरबाईने ओळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. "मुकादम सेज, डोन्ट कम बॅक. आय विल नॉट गिव्ह इन."

मग तेच आपल्या बोलीत सांगितलं. मुकादम म्हणतो परत येऊ नको, पण मी हार मानणार नाही. बाया हसल्या. शालिग्राम ढिगाकडे पाहत राहिला. तिला उठवलं तर ओळ उठेल, हे त्याला सकाळीच कळलं होतं.

इंग्रजी काठावर सुटली. अंगणवाडीची जागाही तिला मिळाली.

मिलमधल्या शेवटच्या दिवशी तिने सूप उलटं ठेवलं नाही. ओळीच्या टोकाशी गेली, ते बेबाबाईच्या हातात दिलं आणि आपली जागा दाखवली.

"टेक ओव्हर," म्हणाली.

बेबाबाई उठून त्या जागी बसली. शालिग्रामला कुणी विचारलं नाही.