नैवेद्याआधीचा मोदक

आमच्या बाबांना मधुमेह एकच होता, औषधं मात्र दोन घरची होती.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गिरणी सुटल्यावर आम्ही चारकोपला राहायला आलो आणि बाबांच्या पायांवर सूज दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, "साखर किडनीवर गेलीय. माझ्या गोळ्या घ्या. झाडपाला अजिबात नको!"

आईच्या ओळखीचे वैद्यबुवा म्हणाले, "त्या गोळ्यांनीच वाट लागलीय. त्या सोडा, मगच माझा काढा!"

बाबांनी दोघांनाही नम्रपणे "होय" म्हटलं. घरी आल्यावर मला म्हणाले, "एकाचो गुण नाय इलो तर दुसऱ्याचो येतलो!"

हे सगळं सांभाळायची जबाबदारी मी उचलली. (घरातला एकुलता एक बी.कॉम. ना मी!) वैद्यबुवा यायचे तेव्हा गोळ्या मोहरीच्या डब्यात. डॉक्टरांकडे जाताना बाबांच्या तोंडात वेलची, काढ्याचा वास नको म्हणून. डॉक्टर विचारायचे, "दुसरं काही घेत नाहीत ना?" मी छातीठोकपणे सांगायचो, "छे हो!" वैद्यबुवांनाही तेच. साखर उतरली की दोघेही आपापल्या औषधावर खूश. नेमकी कोणाच्या औषधाने उतरली, हे आम्हा तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं!

गणपती आले. बाबांनी डॉक्टरांना दर्शनाला बोलावलं, आईने वैद्यबुवांना. एकमेकांना सांगितलं कोणीच नाही. घराला लपवायची सवयच लागली होती. भर दुपारी दोघेही हजर! मी डॉक्टरांना बाहेर खुर्ची दिली, वैद्यबुवांना जवळजवळ ओढतच स्वयंपाकघरात नेलं आणि मधला पडदा सरकवला.

"आई, तू ह्यांना बोलण्यात गुंतव!"

"अरे, नैवेद्य व्हायचाय अजून, मोदक थंड होतायत!"

इतक्यात बाबांना दरदरून घाम फुटला. "माका गरगरता रे..." म्हणत ते भिंतीला टेकून खालीच बसले. सकाळी गोळी झाली होती, काढाही झाला होता; पण नैवेद्याआधी खायचं नाही, म्हणून पोटात अन्नाचा कण नव्हता. बाबांना काही झालं तर ते माझ्या हुशारीने होणार, एवढंच कळत होतं.

डॉक्टर धावले. पडदा सारून वैद्यबुवाही आले.

"काय घेतलंय यांनी?" दोघांनी एकदमच विचारलं.

एकेकट्याला काय सांगायचं ते मला पाठ होतं. दोघांनी मिळून विचारलं तर काय, हे कुठे ठरलं होतं! "तुमच्या गोळ्या!" गडबडून मी वैद्यबुवांनाच सांगितलं. "आणि तुमचा काढा!" डॉक्टरांना. मग धीर सुटला. "दोन्ही हो, दोन्ही घेतलंय!"

"साखर पार उतरलीय. आधी गोड द्या!" डॉक्टर ओरडले.

"गोड?" आई थक्क. "तुम्हीच तर बंद केलंत!"

"अहो, द्या!" वैद्यबुवाही ओरडले.

"पण नैवेद्य..." आईने एकदा गणपतीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि मोदक फोडून त्यातलं गुळाचं सारण बाबांच्या तोंडात घातलं.

थोड्या वेळाने बाबांनी डोळे नीट उघडले. "आणखी एक दी गो," आईला म्हणाले. मला रडूच फुटलं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "थकलेली किडनी गोळी लवकर बाहेर टाकत नाही. त्यात वरून काढा! सांगायला काय झालं होतं?"

"गोळ्या चालू आहेत हे कळलं असतं, तर मी काढा दिलाच नसता," वैद्यबुवा म्हणाले.

त्या दुपारी दोन्ही शास्त्रांचं पहिल्यांदाच एकमत झालं. काढा बंद, गोळी अर्धी आणि पथ्य एकच: मुलगा वर्ज्य!